आटवलेली बिअर: इंदूरच्या स्वयंपाकघरातल्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

घरच्या गॅसवर, साध्या भांड्यांत, इंदुरात सहज मिळणारी बिअर कोणत्या पदार्थात किती घालायची, हे ठरवायचं काम सुरू. पाककृतींत नुसतं ‘एक कप बिअर’ लिहून सोडलेलं असतं. कोणती बिअर आणि ती किती आटणार, हे दोन मुद्दे त्यात नसतात. सगळा घोळ तिथेच होतो.

साहित्य: ४ ते ५ टक्के अल्कोहोलची माइल्ड लागर (नेहमीची फिकट बिअर), ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग लागर, गव्हाची बिअर, एक हॉपदार आयपीए (हॉप या कडू, सुगंधी फुलांची चव जोरात असलेली बिअर) आणि ०.० म्हणजे बिनअल्कोहोलच्या बिअरचे कॅन. उपकरणं: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, तेलात चालणारा थर्मामीटर, जाड बुडाचं ५ लिटरचं पातेलं, ओटीजी (छोटी विजेची भट्टी).

खरेदी करताना लेबलवर दोन गोष्टी बघायच्या: अल्कोहोलचा टक्का आणि भरल्याची तारीख. बिअर मुरत नाही, शिळी होते. उन्हाळ्यात ४० अंशांच्या गोदामात राहिलेल्या बाटलीला भिजल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तो शिजवून जात नाही. इंदूरजवळच माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजचा कारखाना असल्यामुळे स्थानिक लागर बहुधा ताज्या तारखेची मिळते. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उजेडात ठेवलेली असेल तर घेऊ नये. प्रकाशामुळे हॉपमधल्या कडू द्रव्यापासून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि त्याचा उग्र वास रश्श्यात लगेच कळतो. तपकिरी काच बरी, कॅन सर्वांत बरा.

उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर अशा ठिकाणी १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं बंद आहेत. तिथल्यांसाठी ०.० चे आकडेही नोंदवायचे ठरलं.

११ नोव्हेंबर

पहिली चाचणी, आणि पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. प्रत्येक बिअरचे २०० मिलि वेगवेगळ्या पातेल्यांत घेऊन मध्यम आचेवर ५० मिलि होईपर्यंत आटवले आणि कोमट झाल्यावर अर्धा चमचा चाखला.

आटताना पाणी, अल्कोहोल आणि हॉपचा सुगंध उडून जातो. हॉपचा कडवटपणा, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) साखर आणि आम्ल मागे राहतं. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. १ आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे १ मिलिग्रॅम कडू द्रव्य. हलक्या लागरमध्ये १० ते १५, गव्हाच्या बिअरमध्येही साधारण तेवढंच, आयपीएमध्ये ४० ते ७०. आपल्याकडे हा आकडा लेबलवर क्वचितच छापतात. आता हिशेब करा: १५ आयबीयूची लागर एकचतुर्थांश केली की ६० च्या घरात जाते, म्हणजे आयपीएइतकी कडू. ५० ची आयपीए २०० वर पोहोचते आणि ती जिभेवर ठेववत नाही.

निकाल:

गव्हाची बिअर आटल्यावर सर्वांत गोल लागली. गोडसर, किंचित आंबट, कडू फक्त शेवटी.

माइल्ड लागर पातळ पण निर्धोक. भारतीय लागरमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ किंवा मका बऱ्याचदा असतो, त्यामुळे माल्टची चव कमी आणि कडवटपणाही कमी.

स्ट्राँग लागर आधी गोड, मग घशाशी जळजळीत. ‘स्ट्राँग म्हणजे चव जास्त’ हा गैरसमज आहे. टक्का वाढतो तो अल्कोहोलचा, आणि तेच तर बरंचसं उडून जाणार असतं. स्वयंपाकासाठी जास्तीचे पैसे देऊन स्ट्राँग घेण्यात अर्थ नाही.

आयपीए बाद. तिचा उपयोग जिथे बिअर आटतच नाही तिथेच.

०.० सर्वांत गोड, कारण अनेक ०.० मध्ये माल्टची साखर उरलेली असते. तिच्यात केलेल्या पदार्थातून गूळ किंवा साखर अर्धी करायची.

नवी बिअर आणली की आधी ही चाचणी करावी, १०० मिलि आटवून २५ केली तरी पुरते. गरम असताना चाखू नये. कोमट झाल्यावरच खरा अंदाज येतो.

१५ नोव्हेंबर

भजी. इथे बिअर जवळजवळ आटत नाही, म्हणून कडवटपणाची चिंता नाही. काम असतं ते बुडबुड्यांचं.

बेसन १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ ३० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, तिखट ३ ग्रॅम, ओवा अर्धा चमचा, हळद चिमूटभर. फ्रीजमधली थंडगार बिअर १७० ते १९० मिलि, तीही तेल तापल्यावरच ओतायची. सोडा नाही, कडकडीत मोहनही नाही. डावाने दहा-बारा वेळा फिरवून थांबायचं. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. डावाच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ राहावी इतपत सरसरीत.

बिअरमुळे ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी तयार होतं म्हणून पीठ कुरकुरीत होतं, असं जे सांगितलं जातं ते मैद्याचं आहे. बेसनात ग्लुटेन नसतंच. बेसनाला फायदा होतो तो कार्बन डायऑक्साइडच्या फुग्यांचा आणि अल्कोहोल पाण्याआधी उडून जाण्याचा. त्यामुळे कवच लवकर कोरडं पडतं. फरक खरा आहे, पण सोडा घातलेल्या चांगल्या भज्यापुढे तो थोडाच. मैद्यावर मात्र फरक ठळक दिसतो. बासाच्या तुकड्यांसाठी मैदा १०० ग्रॅम, तांदळाचं पीठ ५० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम, बिअर १८० ते २०० मिलि. मासा पुसून कोरडा करायचा, कोरड्या मैद्यात घोळवायचा, मगच पिठात बुडवायचा. हा कोरडा थर द्यायचा राहून गेला की कवच तेलात सुटून येतं.

तेल १७५ ते १८० अंश. १९० वर नको, कारण माल्टच्या साखरेमुळे रंग लवकर चढतो आणि आत बटाटा कच्चा राहतो. १५० च्या खाली गेलं की भजी तेल पितात. १ लिटर तेलात एका वेळी सहा-सात भजी, जास्त नाही. बटाट्याचे काप ३ मिमी. फ्लॉवरचे तुरे आधी २ मिनिटं उकळून कोरडे केलेले.

पीठ २० मिनिटांत बसतं. पाहुणे येणार म्हणून आधी कालवून ठेवण्यात काही हशील नाही. कोरडं मिश्रण तयार ठेवावं, बिअर आयत्या वेळी.

सीझन सुरू झाला आहे म्हणून गराडूचा (इथला हिवाळी कंद) विषय निघालाच. गराडूला पीठ लावायचं नाही. सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) तो तळून, मागणी आली की पुन्हा तळून, वर जिरावन (इंदुरी कोरडा मसाला) आणि लिंबू असा मिळतो, आणि त्यात सुधारणेला जागा नाही. जिरावन मात्र या भज्यांवर छान बसतं. पिठात कालवायचं नाही, वरून भुरभुरायचं. त्यातले मसाले आधीच भाजलेले असतात, तेलात दुसऱ्यांदा तापले की करपट होतात.

एक इशारा, ठळक अक्षरात समजावा: बिअर जवापासून होते. बिअर घातलेलं बेसनाचं भजं ग्लुटेनमुक्त राहत नाही. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या माणसाला ‘बेसनच आहे’ म्हणून वाढू नये.

२३ नोव्हेंबर

बिअर ब्रेड. मैदा ३०० ग्रॅम, कणीक ७५ ग्रॅम, बेकिंग पावडर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम चाळून एकत्र. खोलीच्या तापमानाची बिअर ३४० मिलि. लाकडी चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत फिरवलं, पुढे नाही. ९ बाय ५ इंचाचा टिन, वर वितळलेलं लोणी ४० ग्रॅम. ओटीजी १८० अंशांवर आधी तापवून, मधल्या कप्प्यात ५० मिनिटं. मध्यभागी थर्मामीटर ९६ च्या आसपास आला की झालं.

बिअरमध्ये यीस्ट असतं म्हणून ब्रेड फुगतो, असं समजून बेकिंग पावडर वगळली तर वीट निघेल. दुकानातली बहुतेक बाटलीबंद बिअर गाळलेली आणि पाश्चराइझ केलेली असते, तिच्यात जिवंत यीस्ट उरत नाही. गव्हाच्या गढूळ बिअरमध्ये असलं तरी भरवशाचं नाही.

बाकी बिघाड दोन. जास्त फेटलं की आत बोगदे पडतात आणि चावताना रबर लागतो. टिन भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला तर वायू निघून जातो आणि वरचा भाग मधोमध खचतो.

लागरचा ब्रेड सौम्य. गव्हाच्या बिअरमध्ये एक चमचा कुटलेले धणे घातले की वास खुलतो, कारण बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मुळातच धणे आणि संत्र्याची साल असते. आयपीएचा ब्रेड खाता येतो, पण जॅमबरोबर नाही. चीज किंवा लोणच्याबरोबर.

३० नोव्हेंबर

राजमा. बिअरचा पीएच ४ ते ४.५ म्हणजे ती चांगलीच आम्लयुक्त. कडधान्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही, म्हणून कच्च्या राजम्यात बिअर ओतली तर कितीही शिट्ट्या काढा, दाणा आतून खडखडीतच. आधी पाण्यात पूर्ण मऊ, मग बिअर.

राजमा २०० ग्रॅम, ८ तास भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये ५-६ शिट्ट्या. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. राजम्यातलं विषारी द्रव्य नीट खळखळून उकळल्यावरच निष्प्रभ होतं, म्हणून मंद आचेच्या भांड्यात कच्च्यापासून शिजवू नये. वेगळ्या कढईत कांदा, लसूण, टोमॅटो परतून माइल्ड लागर २०० मिलि, ८ मिनिटं उघडी उकळी, मग राजमा. टोमॅटो नेहमीच्या निम्मे, नाहीतर आंबटावर आंबट चढतं.

हीच गोष्ट तुरीच्या डाळीला लागू. बाफल्याबरोबरच्या (बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा) डाळीत बिअर घालून बघायची सूचना आली होती. करून बघितली, नको.

६ डिसेंबर

कुकरबद्दल स्वतंत्र नोंद, कारण हे धोक्याचं आहे. ताजी बिअर थेट कुकरमध्ये ओतून झाकण लावू नये. बिअरमधली प्रथिनं फेस धरतात, तो फेस शिट्टीच्या नळीत शिरतो, आणि नळी चोंदली की दाब बाहेर पडायला जागा राहत नाही. आधी कुकर उघडाच ठेवून १० मिनिटं उकळायचं, फेस बसू द्यायचा, मग झाकण. भांडं निम्म्याहून जास्त भरायचं नाही. नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते लावण्याआधी बघायचं.

उघड्या पातेल्यातही बिअर दुधासारखी उतू जाते. ती बर्नरवर पडून ज्योत विझली आणि लक्ष नसलं तर गॅस पसरतो. म्हणून ओतताना आच बारीक, ओतायची भांड्याच्या कडेने, आणि पहिली पाच मिनिटं ओट्यापासून हलायचं नाही.

१४ डिसेंबर

मटण. संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत लांब शिजणारा पदार्थ, त्यामुळे कडवटपणाची खरी परीक्षा इथे. पद्धत बेल्जियमच्या कार्बोनाद या रश्श्यावरून घेतली. मूळ पदार्थ गोमांसाचा; इथे बोकडाच्या खांद्याचं मटण, हाडासकट. मूळ पद्धतीतल्या दोन युक्त्या ठेवल्या: भरपूर कांदा, आणि मोहरीची चटणी फासलेला पाव रश्श्यात घालून दाटपणा आणणं.

मटण १ किलो, मीठ १२ ग्रॅम लावून १ तास. कांदा ५०० ग्रॅम उभा चिरून. तेल ४० मिलि. लसूण ८ पाकळ्या, तमालपत्र २, मिरी १० दाणे, लवंग ३. गव्हाची बिअर किंवा माइल्ड लागर ५०० मिलि. गूळ १५ ग्रॅम. पाव २, एका बाजूला मोहरीची चटणी.

मटण कोरडं पुसून तीन घाण्यांत लालसर केलं. एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि मटण उकडल्यासारखं पांढुरकं राहतं. त्याच तेलात कांदा मध्यम आचेवर ३० ते ३५ मिनिटं, तपकिरी होईपर्यंत. इथे घाई केली तर पुढे गुळाने भरपाई होत नाही, कारण बिअरच्या कडूला तोंड देतो तो कांद्याचा गोडवा. मग मटण, बिअर कडेकडेने, २० मिनिटं उघडं. फेस झाऱ्याने काढला. नंतर झाकण किंचित तिरकं ठेवून बारीक आच. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रस्सा ९० च्या पुढेमागे राहील इतकीच आच. खळखळून उकळलं तर मटण दोऱ्यादोऱ्यांचं आणि कोरडं होतं.

दोन तासांनी पाव, चटणीची बाजू खाली. आणखी २० मिनिटं. पाव विरघळला की ढवळून एकजीव.

आता हिशेब. १२ आयबीयूची ५०० मिलि बिअर म्हणजे ६ मिलिग्रॅम कडू द्रव्य. कांद्या-मटणाचं पाणी धरून रस्सा ६०० मिलि उरला तर लिटरमागे १० मिलिग्रॅम, जिभेला कळणारही नाही. तोच रस्सा उघड्या पातेल्यात २५० मिलिपर्यंत आटवला तर २४, आणि मग ‘बिअरमुळे कडू झालं’ अशी तक्रार. दोष बिअरचा कमी, आटवण्याचा जास्त. पातळी उतरली की गरम पाणी घालायचं, दुसरी बिअर नाही.

तरीही कडू झालाच तर आधी मीठ. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं, आणि गुळापेक्षा चांगलं दाबतं. मीठ पुरेसं असूनही कडू लागला तर ५ ग्रॅम गूळ, मग उकडलेला बटाटा कुस्करून. लिंबू अजिबात नाही. कडू अधिक आंबट हे मिश्रण सुधारत नाही.

रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. खायचा कशाबरोबर? बाफला तुपात बुडवलेला असतो, तो जड होतो. ज्वारीची भाकरी.

१५ डिसेंबर

‘शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं’ या समजाबद्दल. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते एकदम निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून मंद आचेवर शिजवल्यास १५ मिनिटांनी ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५, १ तासाने २५, २ तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल उरतं. भांडं पसरट की उभं, झाकण आहे की नाही, यावर आकडे हलतात.

कालच्या मटणात ५ टक्क्यांची ५०० मिलि बिअर, म्हणजे २५ मिलि, वजनात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. दोन तासांनी २ ग्रॅम, सहा जणांत प्रत्येकी ग्रॅमचा तिसरा हिस्सा. ब्रेडमध्ये एका कापात साधारण तेवढंच. भजी तीन-चार मिनिटंच तळली जातात, तिथे हा तक्ता लावता येत नाही. अल्कोहोल उरतं असंच धरावं.

प्रमाण नगण्य असलं तरी लहान मुलं, गर्भवती, डायसल्फिरम (दारू सोडवण्याचं औषध) किंवा मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) घेणारे रुग्ण आणि न पिणारी मंडळी यांना हा स्वयंपाक वाढू नये. पंगतीत वाढण्याआधी सांगायचं, खाऊन झाल्यावर गंमत म्हणून नाही. त्यांच्यासाठी त्याच पद्धतीने साध्या रश्श्याचं वेगळं पातेलं. ०.० बिअरही विचारूनच. काहींना बिअर हा शब्दच नको असतो.

२८ डिसेंबर

सिगडीवरची कोंबडी. तंगड्या ८०० ग्रॅम, लागर २०० मिलि, मीठ १२ ग्रॅम, आलं-लसूण ३० ग्रॅम, तिखट, धणेपूड. फ्रीजमध्ये ४ तास. बिअर आतपर्यंत मुरते असं नाही, ती वरच्या काही मिलिमीटरांतच राहते. आत जातं ते मीठ. रात्रभर ठेवून फायदा नाही, पृष्ठभाग पिठूळ होतो. सिगडीवर ठेवण्याआधी नीट पुसायचं, नाहीतर वाफ धरते आणि चटका बसत नाही. दही आणि बिअर दोन्ही एकत्र नको. आत ७४ अंश झाले की उतरवायची.

पोर्तुगालमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बिअरमध्ये ४ तास भिजवून कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसात धुरामुळे तयार होणारी घातक पीएएच संयुगं कमी आढळली. काळ्या बिअरने ती निम्म्याहून थोडी जास्त घटली. कोंबडीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. चरबी निखाऱ्यावर टपकू न देणं तरी आपल्या हातात आहे.

उरलेली, वायू गेलेली बिअर ओतून टाकू नये. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची. एक खण साधारण २० ते ३० मिलि. रश्श्याला चालते, भज्यांना नाही.

१० जानेवारी २०२६

मटणाच्या पावासाठी लागणारी मोहरीची चटणी घरीच. बाजारची बरणी आंबट जास्त, झणझणीत कमी.

पिवळी मोहरी ६० ग्रॅम, काळी ४० ग्रॅम, दोन्ही इंदूरच्या सियागंज बाजारातून. गव्हाची बिअर १५० मिलि, न तापवता, फक्त ढवळून वायू काढून. काचेच्या बरणीत ३६ तास भिजवली. मोहरी फुगून बिअरच्या वर आली की आणखी २० मिलि. मग व्हिनेगर ४० मिलि, मीठ ६ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत भरड वाटली. भांडं गरम झालं तर थांबायचं, कारण मोहरीचा झणका विकरामुळे तयार होतो आणि उष्णतेने ते विकर मरतं. व्हिनेगर आधीच घातलं तर झणका कमी तयार होतो, नंतर घातलं तर तयार झालेला टिकतो, म्हणून क्रम बदलायचा नाही.

वाटल्या वाटल्या चाखून फेकून देऊ नये. पहिले दोन-तीन दिवस ती कडूच लागते. ही न शिजवलेली असल्याने बिअरमधलं अल्कोहोल तिच्यात तसंच आहे. बरणीवर तारीख आणि ‘बिअर आहे’ अशी पट्टी चिकटवून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. १४ तारखेला उघडायची.